मागची निळी ती मी

जानेवारीतल्या रविवारी सकाळी आमच्या केशवापूरच्या घराच्या परसात आम्ही तिघी बसायचो. आई पाटावर, अक्का पोत्यावर, मी पायरीवर. मधे मिरच्यांचा ढीग. अक्का देठ खुडायची तो वेग असा की मला तेवढ्या वेगाने शेंगदाणे खाता यायचे नाहीत. मिरचीची धूळ उडाली की तिघीही एकापाठोपाठ शिंकायचो. आई कॉन्व्हेंटमध्ये आया होती. तिसरी शिंक झाली की ती गंभीर तोंड करून "आमेन" म्हणायची आणि अक्का हसून हसून पोत्यावरून घसरायची.

मृत्युपत्र शिंकेपासून सुरू करू नये हे मला कळतं. पण कागद पुढे ओढल्यावर आधी आठवलं ते हेच, म्हणून ते आधी लिहिलं.

मी, नूतन केदारी शिंगे, वय ६३, धंदा फोटोग्राफी, राहणार केशवापूर, हुबळी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं जागेवर आहे. हृदय तितकंसं जागेवर नाही, पण त्याचा बुद्धीशी काही संबंध नाही, असं डॉ. गुरुप्रसाद यांनी लिहून दिलं आहे. तो कागद सोबत जोडला आहे. कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने मी हे लिहीत नाही. सन २०११ मध्ये वकिलांकडून टाइप करून घेतलेलं माझं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं. त्यात घर आणि पैसे यांची व्यवस्था नीट होती, पण एक गोष्ट मी गाळली होती. हे नवं मृत्युपत्र त्या एका गोष्टीसाठी आहे.

कलम १. केशवापूरचं राहतं घर, परसासह आणि परसातल्या शेवग्यासह, माझी भाची प्रीती परशुराम मेत्री हिला मिळावं. प्रीती ही माझी थोरली बहीण कै. सोनाबाई, म्हणजे अक्का, हिची एकुलती मुलगी. ती तेरा वर्षांची असताना अक्का गेली आणि तेव्हापासून मी तिला वाढवलं. आता ती धारवाडला राहते आणि तिथल्याच बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. दर रविवारी ती माझ्याकडे जेवायला येते.

प्रीतीचे वडील, आमचे परशुरामदाजी, ती दोन वर्षांची असताना गोव्याला कामाला म्हणून गेले. ते हयात असतील आणि हक्क सांगायला आले, तर त्यांना बसवावं, पाणी द्यावं, आणि त्यांनी तीस वर्षांपूर्वी अर्धी ठेवलेली लोणच्याची बरणी द्यावी. ती मी मुद्दाम टाकलेली नाही. दुसरं काही देऊ नये.

कलम २. बँकेतल्या ठेवी प्रीतीच्या. कागद लोखंडी कपाटात वरच्या खणात आहेत. आकडे तिथे आहेत, इथे लिहीत नाही.

कलम ३. स्टुडिओतला मोठा पडदा, दिवे, स्टँड आणि १३५ ची लांब लेन्स श्री. प्रभंजन यांना द्यावी. त्यांचा स्टुडिओ आमच्या समोरच्या रांगेत होता. २००१ च्या पावसाळ्यात त्यांनी ही लेन्स चार दिवसांसाठी नेली आणि चार महिन्यांनी परत आणली, तेव्हा आतल्या काचेवर बुरशीचं जाळं होतं. "मॅडम, जरा मऊ येतंय आता, गिऱ्हाइकांना आवडेल," असं ते मला म्हणाले. तेवीस वर्षं मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. ती बुरशी अजून तशीच आहे. प्रभंजन, ही लेन्स तुमची. गिऱ्हाइकांना आवडो.

हे लिहिताना मला हसू आलं, म्हणून त्यांच्यावरचा राग मी इथेच सोडते. कारण काचेवर त्यांनी केलं ते निष्काळजीपणाने केलं. मी केलं ते तसं नव्हतं.

कलम ४. आता उरल्या दोन लेन्स. त्या कोणाला द्यायच्या हे सांगण्याआधी त्यांच्यातला फरक सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कलम समजणार नाही.

पहिली पन्नासची, कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी लेन्स. हा कॅमेरा अक्काने मला घेऊन दिला. आमचे वडील, अप्पा, रेल्वे वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, होते. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांची, अक्का तेरा. मी आईमुळे कॉन्व्हेंटमध्ये होते, अक्का कानडी शाळेत सातवीत होती. ती शाळा सोडून मिरची निवडायला जाऊ लागली, आधी गावातल्या अडतीवर, मग अमरगोळच्या मार्केट यार्डात. मी इंग्रजी कविता पाठ करायची तेव्हा ती शेजारी बसून हातांना खोबरेल चोळायची. मिरचीच्या दिवसांत तिची बोटं नखांपर्यंत लाल व्हायची, सालटं निघायची. चहाचा ग्लास ती पदरात धरायची. पुढे प्रीती झाल्यावर तिला उचलून घ्यायचीसुद्धा तिला भीती वाटे, बाळाच्या डोळ्यांना हात लागेल म्हणून.

दुसरी पंच्याऐंशीची, खास चेहऱ्यासाठीची. ही मी लग्नाच्या ऑर्डरींतून घेतली आणि तिचा मला गर्व होता. तिचं उजेड घेणारं छिद्र १.४ वर पूर्ण उघडलं की आत येणारा उजेड मोठा, पण स्पष्टपणा मात्र कागदाच्या जाडीएवढा. डोळ्यावर नेम धरला तर पापणी न पापणी मोजता येते, पण कान सायीत बुडालेला दिसतो, आणि मागे जे काही असेल ते वितळतं. मागे मिरच्या असतील तर लाल गोळे तरंगताना दिसतात. माणूस असेल तर नुसता रंग राहतो. पन्नासची लेन्स १६ वर मिटली तर याच्या उलट. पुढची आई, मागची भिंत, दोरीवरचं फडकं, मिरचीचं देठ, सगळं जिथल्या तिथे. गिऱ्हाइकांना ती आवडत नसे. सुरकुत्या येतात म्हणत.

अक्काने दोघींना नावं ठेवली होती. पंच्याऐंशी म्हणजे 'साय' आणि पन्नास म्हणजे 'पोलीस', कारण ती काही सोडत नाही.

नवी लेन्स आली की तिची परीक्षा मी अक्कावर घ्यायची. शेवग्याखाली स्टुलावर तिला बसवून, एकेक आकडा बदलत दहा-बारा फोटो. "हलू नकोस गं." ती हलायची नाही. ते फोटो मी भिंगाखाली ठेवून तिच्या पापण्या पाहायची आणि रोल टाकून द्यायची. चाचणीचे फोटो कोण ठेवतं? वीस वर्षांत मी तिच्या पापण्या पाहिल्या, तिला पाहिलं नाही. म्हणून आमच्या घरात, एका फोटोग्राफरच्या घरात, अक्काचा एक धड फोटो नाही.

हे शेवटचं वाक्य मी वीस वर्षं लोकांना सांगत आले. ते खोटं आहे. खरं काय ते पुढच्या कलमात आहे.

कलम ५. स्टुडिओ उघडला त्या दिवशी माझ्या कॉन्व्हेंटच्या मैत्रिणी आल्या होत्या. अक्का पेढ्यांचं ताट घेऊन पुढे आली आणि मी तिला हळूच म्हणाले, "अक्का, हात पदराखाली घे." तिने घेतले. "इरली बिडू," म्हणाली. असू दे, सोड. कशावरही तिचं हेच उत्तर असायचं. मी एकदाच म्हणाले तसं, पुन्हा कधी म्हणाले नाही. म्हणण्याची गरजही पडली नाही.

१९९५ च्या जानेवारीत धारवाडला फोटोंचं प्रदर्शन होतं, विषय 'आई'. मी रविवारी सकाळी आईला परसात पाटावर बसवलं. तिच्या मागे मिरच्यांचा ढीग होता, त्यामागे भिंत. मी नेम धरला तेवढ्यात अक्का आत गेली आणि तोंड धुऊन, केस विंचरून, निळी साडी नेसून बाहेर आली. प्रीतीच्या नामकरणाला घेतलेली साडी, चार वर्षांत दुसऱ्यांदा अंगाला लागत होती. ती जाऊन आईच्या मागे, ढिगाच्या पलीकडे उभी राहिली.

"मी येते का गं त्यात?"

"येतेस की," मी म्हणाले.

आणि लेन्स १.४ वर उघडली.

कॅमेऱ्यात काय दिसणार हे मला पूर्ण माहीत होतं. धारवाडच्या त्या दालनात माझ्या ओळखीचे लोक येणार होते. मिरची निवडणारी माझी बहीण त्यांना दिसू नये, एवढंच माझ्या मनात होतं. तिला बाजूला हो म्हणण्याचा धीर नव्हता, म्हणून मी ते काम काचेवर सोपवलं. ती श्वास धरून उभी होती. मी बटन दाबलं. मग, दोन लेन्स ताडून पाहण्याच्या सवयीने, पन्नासची चढवून १६ वर दुसरा फोटो घेतला. मधे फार तर एक मिनिट गेलं असेल. अक्का तोवर तशीच उभी. "आता श्वास घे," असं सांगायचंही मी विसरले. आईने सांगितलं.

पहिल्या फोटोला बक्षीस मिळालं. तो स्टुडिओत भिंतीवर मोठा करून लावला. आईचा चेहरा नाण्यावर कोरल्यासारखा, मागे लाल गोळे, आणि त्यांच्यावर एक निळा ढग. अक्का यार्डातल्या बायकांना घेऊन यायची आणि बोटाने दाखवायची, "मागची निळी ती मी." एकदा एकीने थट्टा केली, "सोनाबाई, तू तर धुकं झालीस की." अक्का म्हणाली, "धुकं तर धुकं. आईच्या मागं हाय ना." मी काउंटरवर पावती लिहीत होते. मान वर केली नाही.

कलम ६. हे कलम माझी मैत्रीण श्रीलक्ष्मी हिच्यासाठी. साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणाले, म्हणून तिला वस्तू नाही, फक्त हे. लक्ष्मी, त्या प्रदर्शनात तू निळ्याकडे बोट दाखवून मला विचारलंस, "मागे कोण आहे गं?" आणि मी म्हणाले, "कामाला येते." तू पुढच्या फोटोकडे गेलीस. पुढे नऊ वर्षं अक्काच्या हातचा चहा प्यायलीस, तिला अक्का म्हणालीस, पण त्या फोटोतली तीच हे तुला मी कधी सांगितलं नाही.

हा मजकूर सहीसाठी तुला दाखवला तेव्हा तू हे कलम काढून टाक म्हणालीस. मृत्युपत्रात लागत नाही म्हणालीस. लागतं. ते राहील.

कलम ७. अक्का २००४ च्या मार्चमध्ये गेली. मिरचीच्या धुळीने छाती आधीच भरलेली होती. पुण्यानुमोदनाला तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी तिचा फोटो हवा होता. गेलेल्या माणसाचा चेहरा ग्रुप फोटोतून काढून मोठा करून देणं हे माझं रोजचं काम. असे शेकडो चेहरे मी केले. लग्नाच्या पंगतीतून, बसच्या पासावरून, एकदा तर बैलपोळ्याच्या फोटोतून. अक्कासाठी मी निवडणूक ओळखपत्रावरचा फोटो वाढवला. त्यात तिचे डोळे अर्धे मिटलेले आहेत आणि गालावर शिक्क्याची रेघ आहे. तोच आजही प्रीतीच्या घरी लावलेला आहे.

आदल्या संध्याकाळी तेरा वर्षांची प्रीती स्टुडिओतल्या त्या मोठ्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "मावशी, ह्यातनं आईला नाही का काढता येत?"

मी म्हणाले, "नाही गं. त्या लेन्सला तेवढंच जमायचं."

तिने ते मान्य केलं. मूल मान्य करतं.

त्या वेळी दुसरी निगेटिव्ह माझ्या खणात, तिच्यापासून दहा पावलांवर होती. ती झोपल्यावर मी डार्करूममध्ये गेले, ती निगेटिव्ह लावली आणि अक्काचा भाग काळ्या-पांढऱ्या कागदावर मोठा केला. ट्रेमध्ये कागद हलवता हलवता अक्का वर आली. स्पष्ट. गाल फुगवून श्वास धरलेला, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं, कपाळावर एक बट. आणि तिचे दोन्ही हात पदराखाली होते. त्या सकाळी तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ते तिने आपणहून घेतले होते, माझ्या फोटोसाठी.

मला ते बघवेना. आणि तो प्रिंट मी प्रीतीला दिला नाही, कारण दिला असता तर तिने दोन्ही फोटो शेजारी धरले असते. एकच सकाळ, एकच भिंत, एकच आई. एकात तिची आई आहे, एकात नाही. लेन्सला जमत नव्हतं हे खोटं तेव्हाच उघडं पडलं असतं. माझी लाज झाकायला मी एका पोरीला तिच्या आईच्या चेहऱ्याविना ठेवलं, एक दिवस नव्हे, वीस वर्षं.

कलम ८. हे आत्ताच का लिहिते, तेही सांगते. गेल्या महिन्यात एका रविवारी प्रीतीने परसात माझा फोटो तिच्या मोबाइलवर काढला. मग माझ्या शेजारी बसून म्हणाली, "हे बघ मावशी, बोट असं सरकवलं की मागचं झाड जातं. परत सरकवलं की येतं." शेवगा वितळला, परत उभा राहिला. तिने दोन-तीनदा केलं. मग तिचं बोट थांबलं आणि ती आतल्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली. स्टुडिओ मी बंद केल्यापासून तो घरात आहे.

"म्हणजे हे काढणाऱ्याच्या हातात असतं?"

मी म्हणाले, चहा उतू जातोय. चहा ठेवलेलाच नव्हता. ती माझ्या मागून स्वयंपाकघरात आली, थंड शेगडी पाहिली आणि चहा ठेवला.

कारखान्यात प्रीतीचं कामच ते आहे. सदोष नग हातात घ्यायचा, मोजायचा आणि दोष यंत्राचा की माणसाचा हे ठरवायचं. ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला सांगितलं की दोष यंत्राचा. आता तिने मोजलेलं आहे, असं मला वाटतं. ती विचारत नाही. तिच्या आईसारखं "इरली बिडू" म्हणून सोडून देईल याची मला जास्त भीती वाटते. प्रीती, हे सोडू नकोस.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्रीलक्ष्मी हिने करावी. वाटप पुढीलप्रमाणे.

पंच्याऐंशीची लेन्स योगेश याला. स्टुडिओच्या गाळ्यात आता तो लग्नांची कामं करतो आणि या लेन्सवर त्याचा डोळा आहे हे मला ठाऊक आहे. लेन्समध्ये काही खोट नाही, तशी स्पष्ट आणि तशी मऊ लेन्स मी दुसरी पाहिली नाही. अट एकच. ती पूर्ण उघडण्याआधी त्याने एकदा मान वर करून मागे कोण उभं आहे ते बघावं, आणि ते कोण म्हणून विचारावं.

पन्नासची लेन्स आणि तिचा कॅमेरा प्रीतीला. ते तिच्या आईचेच आहेत.

बक्षिसाचा मोठा फोटो भिंतीवरून उतरवावा. जाळू नये, फाडू नये. तोही प्रीतीच्या ताब्यात द्यावा, म्हणजे तिला ताडून पाहता येईल.

लोखंडी कपाटात खालच्या खणात, शाळेच्या माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात, एक पिवळं पाकीट आहे. त्यात दुसरी निगेटिव्ह आणि २००४ चा तो एक प्रिंट आहे. येत्या रविवारी प्रीती जेवायला येईल तेव्हा हे पाकीट मी स्वतः तिच्या हातात ठेवायचं ठरवलं आहे. ठरवणं मला नेहमीच जमलं आहे. म्हणून हे लिहून ठेवते: पाकीट रिकामं सापडलं तर माझा धीर झाला असं समजावं. भरलेलं सापडलं, तर श्रीलक्ष्मीने इतर कोणतंही वाटप करण्याआधी, माझ्या अंत्यविधीच्याही आधी, ते प्रीतीला द्यावं, आणि ती बघत असताना तिच्याजवळ बसावं.

ओळखपत्रावरचा फोटो उतरवून त्या जागी हा लावायचा की नाही, हे प्रीतीने ठरवावं.

शेवटचं माझ्या स्वतःच्या फोटोबद्दल. माझ्या पुण्यानुमोदनाला माझा वेगळा फोटो लावू नये. त्या दुसऱ्या निगेटिव्हची पूर्ण प्रत काढावी, काही न कापता. पन्नासची लेन्स पंच्याऐंशीपेक्षा आजूबाजूची जास्त जागा फोटोत घेते, आणि त्या सकाळी ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. त्यामुळे खाली डाव्या कोपऱ्यात, आईच्या पाटाशी, कॅमेरा धरलेली माझी सावली पडली आहे. नवशिक्याची चूक आहे ती, मी ती कापून टाकणार होते. आता राहू द्यावी. पुढे आई, मागे अक्का, खाली मी. माझा तेवढा फोटो पुरे.

वरील नऊ कलमं मी स्वतः लिहिली, स्वतः वाचली, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर प्रत्येक पानावर सही केली.

सही: नूतन केदारी शिंगे

साक्षीदार १: श्रीलक्ष्मी, निवृत्त बँक अधिकारी, राहणार सप्तापूर, धारवाड. (कलम ६ वाचून सही केली.)

साक्षीदार २: डॉ. गुरुप्रसाद, राहणार विद्यानगर, हुबळी.

ठिकाण: हुबळी
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार